कपड्यांची चाल बघणारे भावजी

माणसाचा कपडा कसा दिसतो हे बघणारे लोक बहारीनमध्ये पुष्कळ होते, पण तो चालतो कसा हे बघणारा माणूस साऱ्या आखातात एकच असावा, आणि तो दर शुक्रवारी आमच्या सनद गावातल्या घरी जेवायला यायचा. ह्यांच्या ऑफिसातले ते ड्राफ्ट्समन, मूळचे नागपूरचे, एकटेच राहणारे. मी त्यांना भावजी म्हणायची. आठवडाभर पाइपांचे नकाशे काढणारा हा गृहस्थ मनाने मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पॅरिसमध्ये, बॅलेच्या रंगमंचामागे सुईदोरा घेऊन बसलेला असे. ह्याला कारण एक पुस्तक. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला बुदैयातली एक इंग्रज बाई कायमची परत जाताना घरातलं सामान काढत होती. भावजी तिथे टेबलफॅन आणायला गेले आणि त्या काळच्या बॅलेच्या पोशाखांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. पुस्तक फ्रेंचमध्ये होतं, म्हणजे त्यांना अक्षरही कळत नव्हतं. पण निळ्याला खेटून नारिंगी लावायचा, नक्षी शेवटच्या रांगेला दिसेल अशी जाड कुंचल्याने कापडावर थेट रंगवायची, हे सगळं त्यांनी नुसतं बघून शिकून घेतलं. "वहिनी, त्याआधी नाचणारीला कमरेत आवळून बांधायचे," ते मला सांगत. "ह्या लोकांनी गाठी सोडल्या. कपडा आधी नाचवला, मग माणसाला घातला."

त्यांच्याबरोबर मनामाच्या बाजारात जाणं म्हणजे शोभा. ताग्यातलं कापड ओढून ते दुकानाबाहेर वाऱ्यावर धरत आणि स्वतः चार पावलं पळत. एक दुकानदार तर त्यांना लांबून बघूनच "खलास, मफी कापड", म्हणजे संपलं, कापड नाही, म्हणायचा. माझ्या नव्या रेशमी साडीबद्दल त्यांनी एकदा, अगदी काळजीच्या सुरात, ही साडी बसूनच असते, असं मत दिलं होतं.

आमच्या मुलीचा डावा पाय जन्मापासून थोडा आखूड. ती नऊ वर्षांची असताना आमच्या मराठी मंडळींनी अदलियातल्या एका हॉलमध्ये मुलांचा पक्ष्यांचा नाच ठरवला. नाच बसवणाऱ्या बाईंनी हिला झाड केलं, एका जागी उभं राहायचं म्हणून. मी त्यांचे आभारही मानले, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. एरवी जपून बोलणारे भावजी चिडले की थेट नागपूरला पोचत. "झाडाले कपडे कायले पायजे?" एवढंच म्हणून ते जेवण सोडून उठले आणि पोरीला म्हणाले, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चाल. एकदा नाही, दहा-बारा वेळा. जे मी नऊ वर्षं लांब झग्यांखाली झाकलं होतं, ते हा माणूस टक लावून बघत होता. मी त्यांना पुरे करा म्हणाले, जरा तोडूनच.

ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, ही पोरगी चालते तवा फ्रॉक कसा झुलते, ते तुमी कदी पाह्यलंच नाई."

मी ताटं उचलायला लागले. पोरगी मात्र चालतच राहिली.

तीन शुक्रवार खपून त्यांनी पक्षी शिवला. डाव्या खांद्यावरून निळ्या-नारिंगी लांब पट्ट्या, त्यांवर हाताने रंगवलेले मोठे ठिपके, आणि टोकांना पडद्याच्या काठात घालतात तसल्या शिशाच्या गोळ्या. डावं पाऊल खाली गेलं की पट्ट्या पंखासारख्या उघडत आणि उजव्या पावलाला मिटत. सरळ चालणाऱ्या माणसाच्या अंगावर त्या नुसत्या लोंबल्या असत्या. तालमीत बाईंनी ते बघितलं आणि हिला सगळ्यांच्या पुढे ठेवलं. मग बाकीच्या मुलीही डावीकडे झुकून चालायला लागल्या, तेव्हा त्यांना आवरता आवरता बाईंच्या नाकी नऊ आले. कार्यक्रमात मी रडत होते. भावजी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, नारिंगी थोडा कमी पडला.

पुढे दोन-तीन वर्षांनी त्यांचा व्हिसा संपला आणि ते गेले. वर्षभर पत्रं आली, मग थांबली. आता ते कुठे आहेत, आहेत की नाहीत, ठाऊक नाही. जाताना त्यांनी पोरीला त्या पोशाखाचं आपण काढलेलं चित्र दिलं. त्यात ती पट्ट्या उडवत डावीकडे झुकली आहे, आणि हसते आहे. आमच्या अल्बममध्ये तिचे लहानपणीचे फोटो ढीगभर आहेत, सगळ्यांत आम्ही तिला खुर्चीवर बसवलेलं आहे. चालतानाचं तिचं आमच्याकडे हे एवढंच आहे.