चुलीचा तिसरा दगड

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी आम्हा नवराबायकोला शहाद्याहून तोरणमाळला नेलं. घाट पायीच चढलो. वर तळ्याकाठी, झाडीत, जंगलखात्याने येणाऱ्याजाणाऱ्याला उतरायला जागा मोकळी ठेवली होती. तिथे छप्पर नव्हतं की विहीर नव्हती. झाडाखाली घोंगडी पसरली की झाला मुक्काम.

चुलीला दोन दगड सापडले, तिसरा मिळेना. सासऱ्यांनी सागाखाली उभा रोवलेला एक सपाट दगड उपटून आणला. शेंदूर फासलेला असता तर आम्ही हात जोडले असते. हा कोराच होता.

मी भाकरी भाजत होते, तेवढ्यात डोंगरातला एक म्हातारा आला आणि समोर उकिडवा बसला. बोलेना, हलेना, नुसता चुलीकडे बघत राहिला. भुकेला असेल म्हणून भाकरी पुढे केली, तर तीही घेईना. मग मात्र माझं डोकं फिरलं. "खायचं नाही तर बसलास कशाला इथे?" मी खेकसले.

तो तसाच बसून राहिला. शेवटची भाकरी उतरवून मी विस्तव बाजूला ओढला, तेव्हा कुठे तो उठला. तळ्यातून ओंजळभर पाणी आणून त्याने त्या दगडावर ओतलं. चर्रकन आवाज झाला.

"हाऊ मन्हा बाप शे," तो म्हणाला.

गेलेल्या माणसाच्या नावाने दगड रोवायची त्यांची रीत आम्हाला ठाऊकच नव्हती. सासऱ्यांनी मान खाली घातली. मी कसंबसं विचारलं, "मग आल्या आल्या का नाही सांगितलं?"

काळा पडलेला दगड त्याने उचलून पोटाशी धरला.

"तव्यावर भाकर व्हती ना, माय."