साडेनऊ हजारांवर लावलेला लाल दिवा

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, गॅरेजमधल्या भागीदाराला नाही, आणि ज्याचं वाटोळं केलं त्या सुहासला तर नाहीच नाही. सात वर्षं झाली. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जीभ जरा सैल सोडतोय — मधेच अडखळलो तर अडखळू द्या.

वारूळवाडीत माझं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. सुहास बोरी बुद्रुकचा, शाळेपासूनचा दोस्त. आम्हा दोघांना ड्रॅग रेसचं वेड. दोन गाड्या, सरळ पट्टी, चारशे मीटर — दहा-बारा सेकंदांत खेळ खल्लास. तो चालवायचा, मी गाडी बनवायचो. पहिल्या मोठ्या रेसआधी दोन महिने मी त्या इंजिनाला हातानं कानस मारत बसलो होतो, बोटांची सालटी निघाली. तो जिंकला. गावच्या यात्रेत सत्कार ठेवला. माझे वडील टोपी नीट करून पुढच्या सतरंजीवर जाऊन बसले, पोराचं नाव कानावर पडेल म्हणून. निवेदकानं विचारलं, इंजिन कुणी बनवलं? आणि हा माईकवर काय म्हणाला असेल? "पुन्याला करून घेतलं." का? वारूळवाडीच्या मिस्त्रीचं नाव घेतलं असतं तर ह्याची इज्जत जाणार होती का राव? घरी येताना वडिलांनी एवढंच विचारलं, "मंग दोन महिनं तू काय करीत व्हतास तिथं?"

अजूनही तो माईक आठवला की डोकं सणकतं.

मी सुहासची हसून पाठ थोपटली. पण ह्याची जिरवायची, हे तिथंच ठरलं — कशी, तेवढं ठरायचं होतं.

पुढच्या सीझनला संधी आपणहून चालत आली. एका मोठ्या टीमची माणसं रेस बघायला येणार होती, एक रायडर कायमचा उचलणार होती. सुहासला शेती नको होती, कंपनीतली नोकरी नको होती, हेच हवं होतं. त्यासाठी त्यानं स्वतःचं लग्न पुढं ढकललं होतं. हे सगळं मला माहीत होतं, बरं का. माहीत होतं म्हणूनच.

आता थोडं कामाचं सांगतो, नाहीतर माझी लबाडी कळायची नाही. रेसमध्ये काट्याकडं बघायला वेळ नसतो, म्हणून हँडलपाशी लाल दिवा असतो. इंजिनाच्या फेऱ्या ठरलेल्या आकड्यावर गेल्या की तो पेटतो, पेटला की गिअर टाकायचा. आकडा मिस्त्री लावतो. आमच्यात पद्धतच पडलीय, रायडरनं त्यात तोंड घालायचं नाही. गाडी मशीनवर चढवून ताकद मोजली, तर साडेनऊ हजार फेऱ्यांना ती सगळ्यात जास्त भरत होती, पुढं उतरत होती. कुणालाही वाटेल, तिथंच गिअर टाकावा. पण तसं नसतं. गिअर टाकला की फेऱ्या धाडकन खाली येतात, आणि वरचा गिअर चाकाला ओढही कमी देतो. म्हणून ताकद उतरायला लागली तरी ताणत राहायचं — पुढच्या गिअरला जेवढी ओढ मिळणार, तेवढ्यावर ह्या गिअरची येईपर्यंत. मी वहीत एकेका गिअरचं गणित मांडलं होतं. उत्तर दहा हजार सातशेच्या आसपास येत होतं.

मी दिवा साडेनऊ हजारांवर लावला.

"आधी तर लई वर ताणायचो की," तो म्हणाला. मी थाप मारली, इंजिनात नवीन कॅम टाकलाय, ह्याच्या वर नेलीस तर वॉल्व्ह वाकून इंजिन बसेल. त्यानं लगेच मानलं.

रेसच्या सकाळी सरावाची फेरी झाली, वेळ वाईट आली. इथून मागं फिरता येत होतं ना? आकडा बदलायला दोन मिनिटं लागतात. तो हेल्मेट काढून माझ्याकडं आला, घामानं निथळत, काय चुकतंय म्हणाला. आणि मी — हे सांगायलाच एवढा वेळ लावला — मी म्हणालो, "गाडीत काय न्हाई. तूच स्लो हायेस. दिवा लागल्यावर पाय उशिरा उठतोय तुझा."

हे काही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि काय गोड लागलं म्हणून सांगू. त्याचा चेहरा उतरला. पुढच्या फेरीला तो घाबरून दिव्याच्याही आधी गिअर टाकायला लागला, वेळ आणखी बिघडली. मी पुन्हा तेच म्हणालो. शेवटी खऱ्या रेसमध्ये एका चाकाएवढ्या अंतरानं हरला. टीमवाल्यांनी दुसऱ्याला उचललं.

येताना टेम्पोत मागं गाडीपाशी बसलो होतो, तो म्हणाला, गाडीची किल्ली वरून सोड, बघू धरता येती का. पेठ गाव येईपर्यंत मी सोडत राहिलो. त्यानं प्रत्येक वेळी धरली. तरी म्हणाला, "न्हाई भाऊ, स्लोच हाय मी."

मी किल्ली खिशात टाकली.

त्यानं गाडी विकली. गावच्या टीमचा पक्का विकेटकीपर होता, ग्लोव्ह्जही देऊन टाकले. आता टोमॅटोची पिकअप चालवतो, ओव्हरटेक करायच्या आधी तीनदा विचार करतो.

गेल्या महिन्यात ऑइल बदलायला आला होता. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं बसलेली, जुन्या रेसचा विषय निघाला. सुहास सगळ्यांसमोर म्हणाला, "ते इंजिन ह्यानं बनवलं व्हतं, सोताच्या हातानं. पुन्याचं सांगितलं ते मी खोटं बोललो व्हतो. गाडी एक नंबर व्हती, मीच स्लो पडलो."

मी त्याचं बोलणं खोडलं नाही. चहा सांगितला. चौघं माझ्याकडं कौतुकानं बघत होते, आणि मला बरं वाटत होतं.