लाल कोटातला गुरुजींचा मुलगा
ड्रमचं चामडं शेकलं की एक करपट वास येतो. परवा एका मांडवामागे तो आला आणि मला साठच्या सुमाराचं अकोला आठवलं. माझे वडील अमरावतीत भिक्षुकी करत. मी कॉलेजच्या नावाखाली बँडपार्ट्यांतून ड्रम वाजवतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी अकोल्याच्या एका बँडचा ड्रमवाला तापाने पडला, म्हणून मला बोलावणं आलं. सोनेरी झालरीचा लाल कोट चढवून मी वैशाखाच्या उन्हात मांडवाच्या तोंडाशी उभा राहिलो, आणि आत मंगलाष्टकं म्हणायला उठले ते माझे वडीलच! त्यांनी मला पाहिलं. आवाज अडखळला, मग पुन्हा लागला. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या, तरी माझा हात उचलेना. बँडमास्तर खेकसला, “अबे, वाजव ना! पाहून काय राहिला?” तेवढ्यात अंतरपाट बाजूला सारून वडिलांनी माझ्याकडे पाहत हलकेच मान हलवली. मग मी असं वाजवलं की नवरदेवाचे मामा पागोट्यासकट नाचू लागले. अमरावतीच्या परतीच्या गाडीत वडील माझ्या शेजारी येऊन बसले. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाले, “मले सांगितलं कावून नाही?” “तुमी नाही म्हटलं असतं.” “म्हटलंच असतं,” ते म्हणाले आणि फडक्यातला बुंदीचा लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “खा. सकाळपासून उभा आहेस.” पुढे ऑर्केस्ट्रांमध्ये वाजवण्यातच माझं आयुष्य गेलं. घरून परवानगी कधी मिळाली, असं कुणी विचारलं की मी सांगतो, मूर्तिजापूरच्या थोडं पुढे.