डबल बासच्या पोटातली काठी

समोरच्या मैदानात आज कुणाची तरी हळद आहे. डीजेवाल्यांनी दुपारीच माणसाएवढी काळी खोकी एकावर एक रचून ठेवली होती, आणि आता त्यांतून गाणं असं काही माझ्या मंदावलेल्या कानांपर्यंत पोचत नाही. पोचतो तो नुसता धक्का. आधी तो जमिनीतून येतो, मग भिंतीतून, आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या मांडणीवर उपडं घातलेलं एक फुलपात्र बारीक किणकिणायला लागलेलं हाताला कळतं. पुतण्या वैतागून येरझारा घालतो आहे. आमच्या सगळ्या इमारतीचं डोकं उठलेलं आहे, आणि या वयात मी तक्रार करायला सगळ्यांच्या पुढे असायला हवं. पण मी मांडणीला हात टेकवून उभी आहे. फुलपात्राखाली फडक्याची घडी सरकवली की ते गप्प होतं, हे मला फार जुन्या काळापासून माहीत आहे. घडी हातात आहे, आणि ती सरकवावीशी वाटत नाही.

ही घडीची युक्ती मी अंबरनाथला शिकले, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. यजमान तिथल्या एका कारखान्यात कारकून होते आणि कारखान्याच्या चाळीत आम्हाला दीड खोली मिळाली होती. त्या दीड खोलीत एके रविवारी त्यांनी डबल बास आणून उभा केला. तुम्ही तो पाहिला नसेल तर व्हायोलिन डोळ्यांपुढे आणा आणि ते फुगवत फुगवत माणसाच्या डोक्यावर न्या. लढाई संपल्यावर कल्याण कॅम्पातल्या बराकींमधून गोरे शिपाई गेले, सिंधमधून आलेली माणसं तिथे राहू लागली आणि गावाचं नाव उल्हासनगर झालं. पण आम्ही आपले कॅम्पच म्हणत होतो. शिपायांच्या बँडचं मागे राहिलेलं सामान लिलावात गेलं, आणि ते घेऊन एका सिंधी गृहस्थाने बराकीच्या पडवीत दुकान मांडलं. ग्रामोफोन, कर्णे, काचेच्या व्हॉल्वचे ॲम्प्लिफायर, फाटक्या कातड्याचे ढोल, आणि त्या सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकलेला हा. यजमान तिथे कर्णा बघायला म्हणून गेले होते. येताना बैलगाडीत पेंढा घालून, त्यावर याला निजवून, स्वतः पायी चालत आले. सासूबाई त्या दिवशी कुळगावहून आल्या होत्या. दारातून ते धूड आत येताना बघून त्या म्हणाल्या, "अरे, म्हैस आणलीस ती आणलीस, दूध तरी देणारी आणायचीस!" तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव म्हैस.

म्हशीची सेवा मात्र खरोखरीच्या जनावरासारखी चाले. तिच्या तारा आतड्याच्या. हवा दमट झाली की सैल पडायच्या, कोरडी झाली की ताणून कुरकुरायच्या. यजमान कामावरून आले की आधी तिच्या अंगावरून कोरडं फडकं फिरवत आणि मग चहा घेत. गजाला राळ लावली की खोलीभर देवळातल्या धुपासारखा वास पसरे. तार बदलायची वेळ आली की एक उतरवून तिच्या जागी नवी चढवून सुरात आणायची, तेव्हाच दुसरीला हात लावायचा. यात अख्खा रविवार जाई, आणि मी याला त्यांच्या चेंगटपणात जमा करून टाकलं होतं. कारखान्याच्या क्लबात त्यांचा छोटासा ऑर्केस्ट्रा होता. तिथे लोक गाणाऱ्याला दाद देत, व्हायोलिनला देत, बासकडे कुणी बघतसुद्धा नसे. यजमानांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते म्हणायचे, "आम्ही आहोत हे कळत नाही. नसलो की कळतं." घरी ते जाडी तार छेडत आणि हे फुलपात्र किणकिणे. मी चिडून घडी सरकवी. ते हसत आणि पुन्हा तीच तार छेडत.

लग्नाला पुरती चार वर्षंही झाली नव्हती, तेव्हा ते तापाचं निमित्त होऊन गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ फार नाही, कारण मी तिथे असून नसल्यासारखीच होते. बायका आल्या, माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या फुटल्या, गळ्यातलं निघालं. सासूबाईंनी माझ्या दोन्ही पाटल्या आपल्या हाताने काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. त्यांचाच मुलगा गेला होता, आणि रीत पाळायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं होतं. सुतकात शेजारचं पोर म्हशीला धडकलं आणि ती घुमली. सगळ्या खोलीच्या अंगावर काटा आला. सासूबाई उठल्या, चाव्या फिरवून त्यांनी चारही तारा सैल केल्या, काढल्या, गुंडाळल्या आणि त्याच डब्यात टाकल्या. तारा निघाल्याबरोबर त्यांच्याखालची लाकडी घोडी निसटून पडली. तीही त्यांनी उचलून ठेवली. सुतकाच्या घरात वाद्य बोलू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

मी रडले नाही. "रडू द्या गं तिला, नाहीतर आतल्या आत जळेल," असं सगळ्या बायका म्हणत, आणि मी कुणी दुसरीविषयी बोलत असावं तसं ते ऐकत असे. जेवणाला चव नव्हती. एकदा तव्याला बोटं टेकली. कातडं जळाल्याचा वास आला तेव्हा मी खाली पाहिलं. सासूबाईंनी माझा हात पाण्यात बुडवला आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला वाटतं, मुलगा गेल्याच्या दुःखापेक्षाही त्या दिवशी त्यांना माझीच भीती वाटली. आपण एक माणूस गमावलं आहे आणि दुसरंही हातचं चाललं आहे, हे त्यांना दिसत होतं. मला तेही दिसत नव्हतं.

कारखान्याची खोली सोडायची होती. कुळगावच्या घरात म्हशीला उभं राहायला जागा नव्हती, म्हणून ती ज्याची त्याला परत विकायचं ठरलं. पुन्हा बैलगाडी, पुन्हा पेंढा. वाटेत चाक खड्ड्यात गेलं की तिच्या पोटात काहीतरी खडखडे. सासूबाई म्हणाल्या, "कुण्या पोरानं सुपारी टाकली असेल." मी मान हलवली. कॅम्पातल्या त्या पडवीत गाडी उभी राहिली तेव्हा दुकानदार एका कर्ण्याला रंग देत बसला होता. यजमान गेल्याचं ऐकून त्याने ब्रश खाली ठेवला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि आम्हाला बसायला खोकी दिली. मग त्याने म्हशीला आडवं धरून हलवलं. खडखड ऐकताच त्याचा चेहरा पालटला.

"हे कोणी केलं?" तो एकदम तडकला. त्याचं मराठी त्याच्या दुकानासारखंच होतं, जे मिळेल ते आत घेतलेलं. "सगळी तार एकदम कोणी उतारते काय? एक उतारायची, एक चढवायची. हिच्या पोटात काठी उभी असते, माताजी. खिळा नाही, गोंद नाही. तार वरून दाबते, म्हणून उभी. सगळी एकदम काढली की काठी पडली. बाहेरून बघा, काय झालं? काहीच नाही झालं! पण आवाज? मेला!"

सासूबाईंनी डबा उघडून त्याच्यापुढे केला. आत तारांची भेंडोळी होती, आणि त्यांच्या वेटोळ्यात माझ्या पाटल्या अडकल्या होत्या. दुकानदाराने त्या सोडवून बाजूला ठेवल्या. "हे तुमचं," म्हणाला, आणि तारा घेऊन कामाला लागला. पोटावरच्या वळणदार भोकातून त्याने वाकडी सळई घातली. कितीतरी वेळ तो आत डोळा लावून चाचपडत होता, मध्येच सिंधीत कुणाला तरी शिव्या देत होता. शेवटी काठी उभी राहिली. घोडी बसवून त्याने पहिली तार चढवली, ताणली, मग दुसरी. चारही झाल्यावर त्याने जाडी तार छेडली. रचून ठेवलेले कर्णे घुमले, कपाटातल्या काचा थरथरल्या. मला ऐकू आलं, आणि ऐकू आलं एवढंच. दुकानदार खूश होऊन माझ्याकडे बघत होता. त्याला काय दाद द्यावी ते मला कळेना.

सौदा झाला. आम्ही पडवीच्या पायऱ्या उतरलो आणि सासूबाई थांबल्या. भर बाजार, समोर भजीवाला, येणारी-जाणारी माणसं. त्यांनी डबा काखेत धरला आणि त्यातली एक पाटली काढली.

"हात पुढं कर."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. एकच घालते आहे. दुसरी नंतर."

पाटली काही सहज चढणारी वस्तू नाही. माझा हात आखडलेला होता, आणि अंगठ्याच्या सांध्यावर ती अडली. सासूबाईंनी दात-ओठ खाऊन जोर लावला.

"आई गं!" मी ओरडले.

त्या जागच्या जागी थबकल्या. "दुखलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, दुखलं." आणि तव्यावरची माझी बोटं पाहूनही ज्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती कॅम्पाच्या बाजारात, भजीवाल्यासमोर, माझं मनगट दोन्ही हातांत घट्ट धरून रडायला लागली. "दुखलं म्हणाली गं, दुखलं म्हणाली," असं त्या कुणाला सांगत होत्या, देव जाणे.

दुसरी पाटली त्यांनी दसऱ्याला चढवली. कुळगावातल्या बायकांनी बोलायचं तेवढं बोलून घेतलं. पुढे मी शिकले, शाळेत शिकवायला लागले. सासूबाईंनंतर दिराच्या मुलांत रमले. म्हैस मुंबईच्या कुणा वादकाने नेली असं नंतर कानावर आलं. आता ती कुठे असेल, असेल की नसेल, कोण जाणे. यजमानांचा चेहरासुद्धा अलीकडे फोटोतलाच आठवतो, खरा आठवत नाही. त्या जाड्या तारेच्या आवाजाचं तसं होत नाही. तो मुळात कानात नव्हे, अंगात राहिला होता, त्यामुळे कान मंदावले तरी त्याचं काही बिघडलं नाही.

"काकू, जाऊन सांगू का त्यांना आवाज कमी करायला?" पुतण्या चपला घालून दारातून ओरडून विचारतो आहे.

"राहू दे," मी म्हटलं. "लग्नाचं घर आहे. वाजू दे थोडं."

फुलपात्र किणकिणतं आहे, आणि मांडणीच्या कडेला टेकलेल्या माझ्या पाटल्याही. हाताला मुंग्या आल्या आहेत. उचलला की थांबतील, पण एवढं गाणं होऊ दे.