कुंदाच्या कुर्त्याचा खिसा

कुंदा गेल्याचा फोन तिच्या नणदेने केला. पहिलंच वाक्य, "सवाष्ण गेली हो, नशीबवान!" मी दिग्रसला तिच्या घरी पोचले तोवर हिरवी साडी, नथ, बांगड्या, सगळं पलंगावर मांडून ठेवलं होतं... दीड महिना झाला, त्या 'नशीबवान'चा राग अजून जात नाही.

कुंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. तीस वर्षं ती घरच्या मशीनवर लोकांचे कपडे शिवत होती. दारावरच्या टेलरच्या पाटीवर नाव मात्र नवऱ्याचं, ज्याला साधी सुई ओवता येत नव्हती. उरल्यासुरल्या चिंध्यांतून ती गल्लीतल्या पोरींच्या बाहुल्यांना झगे शिवून द्यायची. म्हणून तो परदेशी बाहुलीचा सिनेमा लागला तेव्हा मीच तिला एसटीने यवतमाळला नेलं. दोन घटका हसू, एवढाच माझा विचार. पडद्यावरची ती नटवी बाहुली आपलं गुलाबी घर सोडून निघाली, तिच्या एका नजरेसाठी धडपडणारा तिचा बाहुला मागोमाग, नुसतं छान दिसत राहायचं तिला नकोसं झालं, आणि कुंदा हसायची थांबली. परतीच्या बसमध्ये दारव्हा आल्यावर ती म्हणाली, "मले तं त्या बाहुल्याचं वाईट वाटलं. तिनं पाह्यलं तरच तो हाय, नाही तं नाही. मी तशीच जगून राह्यली न, शोभे?"

"काहून असं बोलतं?"

"गावभराच्या पँटींले खिसे लावले म्या. माह्या कपड्याले एक तरी हाय का?"

आठवडाभरात तिने स्वतःसाठी जांभळा कुर्ता शिवला, उजवीकडे खोल खिसा. नवरा म्हणाला, "या वयात कायले हे नखरे?" तरी ती घालायची, हात खिशात घालून बाजारात जायची. शेवटच्या आजारपणात तोच कुर्ता तिने माझ्या पिशवीत कोंबला. "मले नटवू नको देजो त्यायले. हाच घालजो." मी हो म्हटलं.

...आणि त्या दिवशी? पिशवी माझ्या खांद्यावरच होती. नणंद म्हणाली, "शोभाताई, कुंकू तुम्ही लावा." मी लावलं, चांगलं कपाळभर. बोलले असते तर चार बायकांनी नाकं मुरडली असती, एवढीच माझी भीती. "कशी बाहुलीवानी दिसून राह्यली," कुणीतरी कौतुकाने म्हणालं. मी मान डोलावली.

कुर्ता माझ्याकडेच आहे. काल घडी मोडून खिशात हात घातला. तिचा कापडावर खुणा करायचा खडू निघाला, अर्धा झिजलेला. माझी बोटं पांढरी झाली. याच बोटांनी मी तिला कुंकू लावलं होतं.