घेवरचंदशेठचा दाणा

कारंज्याच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा मंडळींत घेवरचंदशेठ सर्वांत हट्टी. पाखरांना ज्वारी टाकल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. दुकानात तराजूवर चार दाणे जास्त पडू न देणारा हा माणूस इथं ओंजळीनं उधळायचा. आम्ही चिडवायचो, ते हसायचे.

दाणे झुडपांत पडतात, पाखरांना दिसत नाहीत, म्हणून एकदा त्यांनी माणसं लावून कण्हेर आणि मेंदी छाटून घेतली, कडुनिंबाच्या खालच्या फांद्या तोडल्या. जागा लख्ख झाली. कबुतरं आली, कावळे आले, शेठ खूश. कोपऱ्यात उरलेल्या एका झुडपात बुलबुलाचं घरटं होतं. आडोसा गेल्यामुळं ते आता लांबूनही दिसायचं. एका सकाळी ज्वारी टिपायला आलेल्या कावळ्यानं आमच्यादेखत त्यातलं पिल्लू उचलून नेलं.

शेठ मटकन बाकावर बसले. मुंगी चुकवून पाऊल टाकणारा माणूस तो. शेजारी त्यांच्या पत्नी कंचनबाई होत्या. त्या रागावल्या नाहीत.

"तुमी जेवाले वाढलं," त्या म्हणाल्या, "पण त्यायचं घरच मोडून टाकलं ना."

तेव्हापासून बागेत दाणा बंद. नेम मोडला नाही. ज्वारी बागेसमोरच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर गेली. बागेत शेठ रिकाम्या हातानं यायचे आणि कोणी कात्री घेऊन झुडपांकडे वळला की आडवे उभे राहायचे. दोन पावसाळ्यांत कण्हेर डोक्यावर गेली, निंब खाली झुकला. बागेचं रान केलंत, असं मी त्यांना तोंडावर म्हटलंही.

परवा त्यांनी माझी बाही धरून मला कण्हेरीत डोकं घालायला लावलं. आत पेरूएवढं घरटं लोंबत होतं, कोळ्याच्या जाळ्यानं फांदीला बांधलेलं. शिंजीर. अंगठ्याएवढं पाखरू, फुलांतला मध पिणारं, ज्वारीकडे ढुंकून न पाहणारं. एवढ्याशा चोचीनं हे कसं जमवलं असेल, म्हणून मी आणखी जवळ वाकलो. मग घरट्याच्या दाराशी गुंफलेला लाल दोरा दिसला. शेठच्या दुकानातली पोती त्याच दोऱ्यानं शिवतात. गच्चीवर पडलेल्या रिकाम्या पोत्याचाच असणार तो.

शेठनी लांबूनच त्या दोऱ्याकडे बोट केलं.

"माह्या हातचा दाणा यानं कधीच घेतला नाई," ते म्हणाले. "पण दोरा घेतला."

घरी जाऊन त्यांनी गच्चीवर ज्वारी टाकली आणि शेजारी एक फाटकं पोतंही पसरून ठेवलं. मगच पाणी प्यायले.