बुद्धिमान जीव ओळखण्याच्या आमच्या पद्धती

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. चार जणांना एक प्रकल्प दिला, की प्रकल्प मागे राहतो आणि किस्सेच साठत जातात. आमच्या नववीच्या गटाचं तसंच झालं.

विज्ञान प्रदर्शनासाठी पाटील सरांनी विषय दिला, ‘विश्वातील बुद्धिमान जीव कसा ओळखाल?’ गटात साजगावची साक्षी, जी सतत बोलते, ओमकार, ज्याला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो, डोंगराखालच्या वाडीतली हिरा, जी कोणालाच घाबरत नाही, आणि मी. मी वर्गात बोलत नाही. साक्षीच्या कानात सांगते, मग ती मोठ्याने म्हणते, “सर, ही म्हणतेय...”

सरांनी नियम वाचून दाखवला. परीक्षक प्रत्येकाला एक प्रश्न विचारणार. एक जण जरी गप्प राहिला, तरी अख्खा गट बाद! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे पाहिलं. फळा कोरा होता.

*

आधी व्याख्या हवी होती. ओमकार म्हणाला, “जो हत्यारं वापरतो, तो बुद्धिमान.” साक्षी म्हणाली, “जो भाषा बोलतो, तो.” सरांनी दोन्ही खोडल्या आणि फळ्यावर लिहिलं, ‘जो प्रश्न विचारतो, तो बुद्धिमान.’

ओमकारने लगेच हात वर केला. “सर, पण मग...”

“आता कोणी प्रश्न विचारू नका,” सर म्हणाले. “तास संपत आलाय.”

*

आरशात स्वतःला ओळखणं ही बुद्धीची एक खूण मानतात, असं ओमकारने वाचलं होतं. कर्जतच्या बाजारातून मोठा आरसा आणला. हिराने शेळी आणली. शेळीने आरशात पाहिलं, आरशाच्या मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आली आणि आरशाला धडक दिली.

“नापास,” ओमकार म्हणाला.

आरसा व्हरांड्यात टेकवून ठेवला. तेवढ्यात पीटीचे सर आले. थांबले. खिशातून कंगवा काढला. केस विंचरले, मिशी विंचरली, जरा बाजूला वळून पोट आत घेतलं.

“पास,” ओमकार हळूच म्हणाला.

सर गर्रकन वळले. “कोण पास?”

“तुमी, सर,” हिरा म्हणाली. “शेळी नापास झाली.”

*

अवकाशातून संदेश आला तर तो नियमित असेल, असं सरांनी शिकवलं होतं. एका संध्याकाळी साक्षीच्या गच्चीवरून आम्हाला डोंगराच्या अंगाला एक लाल दिवा दिसला. चालू, बंद. चालू, बंद. ओमकार घड्याळ लावून बसला.

साक्षीचे वडील चहा घेऊन वर आले. ते कंपनीत इलेक्ट्रिशियन आहेत. “काय बघताय रं? आमच्या कंपनीच्या चिमणीवरचा दिवा हाय तो.”

ओमकार हरला नाही. “म्हणजे काका, बुद्धिमान जीवानेच लावलाय ना!”

जिन्यातून साक्षीच्या आईचा आवाज आला, “बुद्धिमान कसला? ह्यांनीच लावलाय तो!”

*

माकडांसाठी ओमकारने कडीचा डबा तयार केला. आत शेंगदाणे. शाळेच्या भिंतीवरचं थोराड माकड खाली आलं, डबा हलवून पाहिला आणि समोर बसून राहिलं. बराच वेळ गेला. शेवटी ओमकारने चिडून त्याला कडी कशी काढायची ते करून दाखवलं. डबा उघडला. माकडाने शेंगदाणे उचलले आणि भिंतीवर गेलं.

“ह्यो तं आमच्या वीटभट्टीचा मुकादम गं!” हिरा म्हणाली.

सरांनी माकडाला पैकीच्या पैकी दिले.

*

परग्रहावर संदेश पाठवायचा झाला तर काय पाठवाल, असं सरांनी विचारलं. ओमकारने मूळसंख्या सुचवल्या. साक्षी म्हणाली, पृथ्वीचा नकाशा आणि आपला पत्ता.

“पत्ता नको गं,” हिरा म्हणाली. “सगळी आली तं जेवाय काय घालशील?”

*

प्रदर्शन जवळ आलं तसा ओमकार सरांना म्हणाला, “सर, हिच्या जागी दुसरं कोणी घेऊया का?” मी तिथेच उभी होते. त्याचं तसं काही चुकत नव्हतं.

“घे की,” हिरा म्हणाली. “माज्या जागी पण शोध. आन् शेळी नाय मिळायची.”

सरांनी मला सरावासाठी व्यासपीठावर उभं केलं. मी तोंड उघडलं. शाळा सुटल्याची घंटा झाली.

“छान,” सर म्हणाले. “तोंड उघडलं.”

*

प्रदर्शन चौक गावातल्या शाळेत होतं. परीक्षक उंच होते, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी ओमकारला विचारलं, साक्षीला विचारलं, हिराला विचारलं. तिघांनी उत्तरं दिली. मग ते माझ्याकडे वळले. साक्षीने सवयीने माझ्या तोंडाजवळ कान आणला. पाटील सरांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

“एवढं मोठं विश्व,” परीक्षक म्हणाले. “त्यात बुद्धिमान जीव असतील, तर आजवर एकही आपल्याशी का बोलला नाही?”

शेजारच्या टेबलावरची पवनचक्की फिरायची थांबली. ओमकारने डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी पेन कागदावर टेकवलं.

“सर,” मी म्हणाले, “त्यांना उत्तर माहीत असेल. पण सगळे त्यांच्याकडेच बघतायत.”

पेन थांबलं. “मग त्यांना बोलतं कसं करायचं?”

“थोडा वेळ दुसरीकडे बघा, सर.”

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं आणि पाठ फिरवून खिडकीबाहेरच्या स्कूटरींकडे बघत उभे राहिले.